आगीचा गोळा: मेसच्या जुन्या चांदीमागची माझी पावणेतीन वर्षं

आमच्या घरात 'आगीचा गोळा' असा एक शब्द होता. माझे आज्जा १९४६ ते १९६९ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या ऑफिसर्स मेसमध्ये होते. आधी वेटर, पुढे अब्दार. अब्दार म्हणजे मेसमधलं पिण्याचं सगळं खातं सांभाळणारा माणूस. ग्लास, डिकँटर, बर्फ आणि जेवण संपल्यावर टेबलावर फिरणारी पोर्ट वाइन, हे सगळं त्याच्याकडे. निवृत्त होऊन चंदगडकडच्या गावी आल्यावर आज्जा संध्याकाळी सोप्यात बसून आम्हा नातवंडांना डिनर नाइटची गोष्ट सांगायचे. टोस्ट, म्हणजे सगळ्यांनी उभं राहून ग्लास उंचावून द्यायची मानवंदना, तो होईपर्यंत कितीही मोठा साहेब असो, सिगारेट पेटवायची नाही. टोस्ट झाला, साहेब लोक परत बसले, की आज्जा तो चांदीचा गोळा टेबलावर ठेवायचे. वर ज्योत, बाजूला बारीक चांदीच्या काड्या. साहेबानं काडी उपसायची, ज्योतीला लावायची, सिगार पेटवायचा, काडी परत खोचायची आणि गोळा शेजाऱ्याकडे सरकवायचा.

"स्पिरिट जास्त झालं तर साहेबाची मिशी जळणार, कमी झालं तर माझी अब्रू," असं ते म्हणायचे.

ते १९९४ मध्ये गेले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत एका लिलावाची यादी चाळताना मला तोच गोळा दिसला. खाली लिहिलं होतं, चांदीचा टेबल लाइटर, हातगोळ्याच्या आकाराचा. मी तो घेतला नाही. काय बघायचं, किती द्यायचे, खरा कसा ओळखायचा, यातलं काहीच मला येत नव्हतं. तिथून स्वतःच्या हातात एक येईपर्यंत दोन वर्षं गेली, आणि ही गोष्ट पुरी व्हायला आणखी काही महिने. मराठीत यावर मला काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

सुरुवातीलाच एक सांगते. मी सिगारेट ओढत नाही, आमच्या घरात कोणीच ओढत नाही. मला ओढ आहे ती त्या टेबलाची आणि टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाची.

पहिले तीन महिने मी एक पेनीही खर्च केली नाही, आणि तेच सगळ्यात कामाचे ठरले. लंडनला चेल्सीमध्ये नॅशनल आर्मी म्युझियम आहे, प्रवेश मोफत. हे संग्रहालय १९६० साली सँडहर्स्टला सुरू झालं आणि १९७१ मध्ये चेल्सीला आलं. तिथे एक अख्खा शनिवार काढला. मेसच्या टेबलावर धूम्रपानाचं केवढं सामान असायचं हे मला हळूहळू कळत गेलं. सिगारेटच्या पेट्या, आत देवदाराचं अस्तर लावलेल्या. सिगार कापायच्या कात्र्या. काड्यांच्या चपट्या डब्या, बुडाला काडी घासायला खरखरीत पट्टी. स्कॉटिश पलटणींमध्ये मेंढ्याच्या शिंगाची, कधी अख्ख्या मेंढ्याच्या डोक्याची, चांदीनं मढवलेली तपकिरीची डबी. आणि टेबल लाइटर. काही जुन्या दिव्याच्या आकाराचे, काही हातगोळ्याचे. पेटता हातगोळा ही ग्रेनेडियर आणि फ्युझिलियर पलटणींची खूण, त्यामुळे तिथे तो आकार आवडीचा होताच. पण हे लाइटर दुकानात कोणालाही मिळायचे. 'हातगोळा म्हणजे नक्की लष्करी' असं विकणारा सांगत असेल तर त्या बोलण्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

मग हॉलमार्क. आपल्याकडे सोन्यामुळे हा शब्द घराघरात पोचलाय, पण इथल्या जुन्या चांदीवरचे छाप म्हणजे त्या वस्तूचा जन्मदाखलाच. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. त्याच्या शेजारी तपासणाऱ्या शहराची खूण. लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट (१९७५ पासून तिथे गुलाब आला). मग वर्षाचं अक्षर आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरं. १७८४ ते १८९० दरम्यानच्या वस्तूंवर बहुधा राजाचं किंवा राणीचं डोकंही असतं, ती कर भरल्याची खूण. बर्मिंगहॅमचं तपासणी कार्यालय १७७३ मध्ये सुरू झालं. तिथलं वर्षाचं अक्षर त्या काळी जुलैत बदलायचं, म्हणून एका अक्षरात दोन वर्षांचे तुकडे येतात. बारा पौंडांचं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि रोज जेवणानंतर लिलावांच्या याद्यांमधले फोटो मोठे करून अक्षरं जुळवत बसायचे. नवरा म्हणायचा, "तुझी दहावीची परीक्षा परत आली काय?"

एवढं करूनही पहिली खरेदी चुकली. मार्च २०२३, मोठ्या मैदानावर भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार, पहाटे सहाची थंडी. दिव्याच्या आकाराचा लाइटर, बुडाला ओळीनं चार छोटे चौकोनी छाप. विकणाऱ्यानं 'मेसमधला आहे' म्हणून सांगितलं. मी ८५ पौंड रोख दिले. घरी येऊन उजेडात भिंग लावलं तर ते चार छाप म्हणजे जुन्या वळणाची ई, पी, एन, एस ही अक्षरं. निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. बाजारात माझी बोटं गारठली होती आणि मागे दुसरा गिऱ्हाईक उभा होता, म्हणून घाई केली. तेव्हापासून मागे कोणी उभं असेल तर मी वस्तू खाली ठेवते आणि फेरी मारून परत येते. तो लाइटर मी विकला नाही. त्याचे भाग सुटे करून त्यावरच मी शिकले, लाइटर आतून कसा असतो, वात कुठून जाते, स्पिरिट कुठे बसतं.

त्यातूनच एक मोलाची गोष्ट कळली. खऱ्या चांदीच्या वस्तूचा जो भाग सुटा होतो त्यावरही सहसा छाप असतो. टोपणावर, वातीच्या नळीवर, काड्यांवर, निदान सिंह तरी. अंगावर पूर्ण छाप आणि टोपण कोरं असेल तर ते टोपण बहुधा मागाहून आलेलं असतं. दुसरं म्हणजे वजन. यादीतलं वजन बहुतेक वेळा एकूण वजन असतं. सिगारेटच्या पेटीत लाकूड असतं, लाइटरचं बूड राळेनं भरलेलं असू शकतं. चांदी अजून ट्रॉय औंसात मोजतात, एक औंस ३१.१ ग्रॅम. भरीव बुडाच्या वस्तूचा औंसाप्रमाणे हिशेब केला तर तुम्ही चांदीच्या भावानं राळ विकत घेताय.

मे २०२३ मध्ये एका प्रांतिक लिलावात सिगारेटची पेटी आली. मराठा लाइट इन्फंट्रीचं बिगुलाचं चिन्ह आणि झाकणावर अकरा अधिकाऱ्यांच्या सह्या, जशाच्या तशा कोरलेल्या. बदली होऊन किंवा लग्न करून जाणाऱ्या अधिकाऱ्याला सोबत्यांनी अशी सह्यांची पेटी द्यायची पद्धत होती. साल १९३४. अंदाज दोनशे ते तीनशे पौंड. मी लिलावासाठी नाव नोंदवलं. पासपोर्टचा फोटो, पत्त्याचा पुरावा, कार्ड, मंजुरीला एक दिवस. हे निदान दोन दिवस आधी करा, आदल्या रात्री केलं तर राहून जातं. वस्तूच्या अवस्थेचा अहवालही मागवला. तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि मागायला पैसे पडत नाहीत.

हिशेबही नीट मांडला. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, मी जिथे गेले तिथे २५ टक्के, आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. म्हणजे शंभराला तीस. ऑनलाइन बोली लावली तर त्या संकेतस्थळाचं आणखी तीन टक्के आणि त्यावर व्हॅट. मी स्वतःला साडेतीनशेची मर्यादा घातली होती. पेटी ९५० ला गेली. चाळीस सेकंदांत बोली माझ्या पुढे निघून गेली आणि मी माऊसवर बोट ठेवून नुसती बघत राहिले. अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते एवढंच म्हणाले, "त्या अकरातल्या कोणाला तरी आज्जानं वाढलं असेल." आज्जा १९४६ मध्ये लागले आणि पेटी १९३४ ची, तरी मी तेव्हा काही बोलले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका खासगी विक्रेत्याकडे लाइटर दिसला. अंगावर एका इंग्लिश पलटणीचं नाव आणि 'ऑफिसर्स मेस' अशी अक्षरं. किंमत चांगली, छाप पूर्ण. तरी मी थांबले. मेसची चांदी कोणा एकाची नसते, ती मेसची असते. १९५७ नंतरच्या कपातीत आणि पुन्हा २००६ च्या आसपास कितीतरी ब्रिटिश पलटणी एकमेकींत विलीन झाल्या. तेव्हा काही चांदी रीतसर विकली गेली, काही संग्रहालयांत गेली. पण काही वाट चुकूनही बाहेर पडली असणार. मी त्याला विचारलं, कुठून आला, काही कागद? दोन ईमेलना उडवाउडवीचं उत्तर, तिसऱ्याला उत्तरच नाही. त्या पलटणीच्या संग्रहालयाला फोटोसह पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी सभ्य, छोटं उत्तर आलं. ही वस्तू आमच्या हरवलेल्यांच्या यादीत नाही, पण ती मेसमधून कशी गेली याची नोंदही आमच्याकडे नाही. मी सोडून दिला. आज्जा आपल्या मेसच्या एकेका काट्याचा हिशेब रात्री बारा वाजता मोजून द्यायचे, मग कुठल्याही मेसची वाटेत हरवलेली वस्तू मी घरात ठेवू शकले नसते. दुसऱ्या कोणाला तपासून बघायचं असेल तर लंडनला आर्ट लॉस रजिस्टर आहे, फी भरून तिथे चोरीच्या वस्तूंच्या नोंदीत शोध घेता येतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक लाइटर मिळाला. २६० ची बोली, कमिशनसह ३३८ पौंड. मेसचा असल्याचा पुरावा नव्हता, पण घडण सुंदर. फक्त मूठ हस्तिदंताची. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू झालाय. हस्तिदंत असलेली वस्तू विकता येत नाही, मोजक्या अपवादांत बसत असेल तरच, आणि तेही आधी नोंदणी करून. लिलावगृहानं नोंदणी केली होती, क्रमांक पावतीवर होता. कायद्यानं सगळं ठीक होतं, मलाच ठीक वाटेना. आमच्या चंदगड-आजऱ्याच्या उसात गेली वीसेक वर्षं दांडेलीकडून आलेले हत्ती फिरतात. चुलत्यांचं पीक त्यांनी दोनदा तुडवलंय आणि तरी गावात अजून लोक लांबून हात जोडतात. ती मूठ हातात घेतली की मला तो ऊस दिसायचा. तीन महिने लाइटर कपाटातच राहिला.

शेवटी दुसऱ्या एका संग्राहकाला द्यायचं ठरवलं. प्रत्येक विक्रीला नवी नोंदणी लागते, आधीची चालत नाही. या वेळी विकणारी मी, म्हणून ती माझ्याकडे आली. मला बसणारा अपवाद असा: वस्तू १९४७ च्या आधीची हवी, हस्तिदंत तिचा अविभाज्य भाग हवा, आणि घनफळानं दहा टक्क्यांपेक्षा कमी हवा. आतली पोकळी धरायची नाही, फक्त साहित्याचं घनफळ. म्हणजे गणित करावं लागणार. मूठ चार सेंटीमीटर लांब, आठ मिलिमीटर जाड, घनफळ दोन घन सेंटीमीटर. चांदीचं वजन ३३६ ग्रॅम, स्टर्लिंगची घनता दहाच्या थोडी वर, म्हणजे साधारण साडेबत्तीस घन सेंटीमीटर. दोन भागिले साडेचौतीस. सहा टक्क्यांच्या आत. मूठ पाण्यात बुडवून मोजायचा मोह टाळा, हस्तिदंताला पाणी चालत नाही, तडे जातात.

सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायला पाऊण तास लागला. फोटो, वर्णन, १९४७ च्या आधीची कशावरून (मी हॉलमार्कचा फोटो आणि अक्षराचं स्पष्टीकरण दिलं), दहा टक्क्यांचा आधार काय. फी २० पौंड. क्रमांक ईमेलनं आला, तो घेणाऱ्याला दिला, लाइटर ३०० पौंडांना गेला. एकूण ५८ पौंडांचं नुकसान झालं आणि मला हलकं वाटलं. जवळ नुसती बाळगायला, भेट द्यायला किंवा वारशानं घ्यायला ही नोंदणी लागत नाही, ती व्यवहाराला लागते. देशाबाहेर न्यायचं असेल तर वेगळे परवाने. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंदच आहे, तेव्हा भारतात न्यायच्या वस्तूत तो नसावा, एवढं खरेदीआधीच बघा. हाड आणि हस्तिदंत यांतला फरक भिंगाखाली दिसतो. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या असतात, हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ज्याची वाट बघत होते तो आला. तासाभराच्या अंतरावरचं लिलावगृह, म्हणून पाहणीच्या दिवशी अर्धी रजा टाकून गेले. शक्य असेल तर हे कराच, फोटोत चांदी कधीच खरं बोलत नाही. हातगोळा, मुठीपेक्षा थोडा मोठा, वर ज्वाळांचं टोपण, बाजूला तीन काड्या. एक भोक रिकामं. नांगर, सिंह, लहान लिपीतलं एल, म्हणजे बर्मिंगहॅम, १९१०-११. टोपणावर सिंह, काड्यांवर सिंह. एकूण २९० ग्रॅम. बुडावर तीन जणांची आद्याक्षरं आणि १९११. पोटावर एक चिन्ह, पण इतकं झिजलेलं की यादीत लिहिलं होतं, 'चिन्ह ओळखू येत नाही'.

मी तोंडाची वाफ दिली. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं शिकवली. चांदीवर श्वास सोडला की क्षणभर धुकं धरतं, आणि त्या धुक्यात जुना डाख, बुजवलेली भोकं, खरवडून काढलेली अक्षरं वेगळी दिसतात. कोणी जुनं चिन्ह पुसून किंमत वाढवायला नवं कोरलं असेल तर तिथला पत्रा पातळ लागतो आणि नव्या कोरणीच्या कडा बोटाला टोचतात. इथे तसलं काही नव्हतं. उजव्या बाजूला डाखाची एक करडी रेघ, कोणीतरी शिशानं केलेली दुरुस्ती. आणि पोटावरच्या त्या झिजलेल्या जागी, मोबाइलचा दिवा आडवा धरल्यावर, एक वळण दिसलं. मग दोरीचा गोंडा. बिगुल होतं ते.

बाजारात झिजलेलं चिन्ह म्हणजे दोष, किंमत कमी. मला ती झीजच हवी होती. साहेबाचं नाव बुडाला कोरलेलं असतं, आणि पोटावरचं चिन्ह ज्यांनी पन्नास वर्षं आठवड्यातून दोनदा घासून गुळगुळीत केलं, त्या वेटर-अब्दारांचं नाव कुठेच नसतं. त्यांची निशाणी म्हणजे ती झीज.

लिलाव नोव्हेंबरात झाला. कामावर होते म्हणून ऑनलाइन बोली लावली. मर्यादा ४५०. हातोडा ४२० वर पडला. कमिशन १०५, त्यावर व्हॅट २१, संकेतस्थळाचे १५ पौंड १२ पेन्स. एकूण ५६१ पौंड १२ पेन्स, म्हणजे तेव्हाच्या भावानं साठ हजार रुपयांच्या आसपास. नुसती चांदी वितळवली असती तर दोनशे पौंडांच्या आगेमागे आले असते. हे सांगते, कारण हा हिशेब दुसरेही करतात. २०२५ मध्ये चांदी कडाडली आणि चिन्ह पुसलेल्या, जोड नसलेल्या वस्तू सरळ भट्टीत जायला लागल्याचं व्यापाऱ्यांकडून ऐकलं. चेपलेलं, झिजलेलं काही बऱ्यापैकी किमतीत दिसलं तर घ्या. पुढच्या वर्षी ते असेलच असं नाही.

दुरुस्तीसाठी बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका कारागिराकडे दिला. तीन आठवडे, ६५ पौंड. वातीची नळी साफ केली, टोपणाचं बिजागर बसवलं. शिशाचा डाख काढू का म्हणून त्यानं विचारलं. तिथे उष्णता दिली तर शिसं चांदी खातं, काम वाढतं, म्हणून तसाच ठेवला. चौथी काडी नवी करून द्यायलाही तो तयार होता, ९० पौंडांत. नको म्हटलं, भोक रिकामंच बरं. एक सूचना मात्र त्याला लेखी दिली, घासून चकचकीत करू नये. हे आधी सांगितलं नाही तर बहुतेक जण प्रेमानं पॉलिश करून देतात आणि उरलंसुरलं चिन्ह जातं.

चिन्हाबद्दल दोन संग्रहालयांना लिहिलं. दोघांचं म्हणणं एकच, दोरीचं बिगुल ही लाइट इन्फंट्रीची सर्वसाधारण खूण, अनेक पलटणींची. आद्याक्षरांवरून शोध लागला नाही. तिथे मी थांबले. घराच्या विम्यात मात्र वेगळी नोंद केली. बहुतेक पॉलिसींमध्ये एका वस्तूला कमाल मर्यादा असते आणि चांदीला वेगळी अट असते, ती वाचा. फोटो, पावती आणि अवस्थेचा अहवाल एका फोल्डरमध्ये ठेवा.

अण्णांना तो गावी हवा होता. मी नियम वाचले. भारतात येणाऱ्या प्रवाशाच्या शुल्कमाफीत दागिने सोडून इतर कुठल्याही रूपातली चांदी बसत नाही. म्हणजे विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून जाऊन ती जाहीर करायची आणि शुल्क भरायचं. त्याला माझी तयारी होती. मी अडले पुढच्या मुद्द्यावर. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू भारतातून बाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे. १९१० चा गोळा एकदा आत गेला की माझ्यासोबत परत येईल याची खात्री नाही. शेवटी अण्णांनाच म्हटलं, तुम्ही या.

ते जून २०२५ मध्ये आले. व्हिसाला तीन आठवडे लागले, विमानात पाय सुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी गोळा टेबलावर ठेवला. मी तो आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवते. लोकर, रबर, वर्तमानपत्र जवळ आलं की चांदी काळी पडते. तरी थोडी पिवळट झाक आलीच होती.

अण्णांनी चष्मा काढून ठेवला. "सिल्वो आहे काय घरात?" म्हणाले. बेळगावच्या लाइनीतल्या घरात बक्कलला ब्रासो आणि मेसच्या चांदीला सिल्वो, हे दोन वास त्यांनी लहानपणभर घेतले होते. मी सांगितलं, अण्णा, घासायचं नाही, घासलं की चिन्ह जातं. ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या बाईच्या आज्जाला चांदीत तोंड दिसत नाही तोवर घरी सोडत नसत, ती असं सांगत होती.

"मग नुसतं फडकं दे," म्हणाले. धुतलेलं जुनं सुती धोतर मी त्यासाठीच ठेवलेलं होतं, त्याचा तुकडा दिला. त्यांनी तो अंगठ्याभोवती गुंडाळला, एक घडी तळहातात धरली आणि गोळा डाव्या हाताच्या ओंजळीत घेऊन फिरवायला लागले. घासत नव्हते, फिरवत होते. अंगठा एका जागी, गोळा त्याखालून जायचा. "बाबा असंच करायचे. हात हलवायचा नाही, भांडं हलवायचं." पोटावर आल्यावर अंगठा थांबला. फडकं बाजूला करून त्यांनी उघड्या बोटानं ती जागा चाचपली.

"बिगुल आहे गं."

मी त्यांना बिगुलाबद्दल आधी सांगितलेलं नव्हतं. चष्माही नव्हता.

"आपलंच हाय," म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, तसं म्हणता येत नाही, बिगुल कितीतरी पलटणींचं असतं, मी दोन ठिकाणी लिहून विचारलंय. "असंल," म्हणाले आणि परत गोळा फिरवायला लागले. रात्री जेवण झाल्यावर मी ड्रॉपरनं मोजून स्पिरिट घातलं, निम्म्याच्याही खाली. बाहेर सांडलेलं पुसून पाच मिनिटं थांबले, मग वात पेटवली. निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत. अण्णांनी एक काडी उपसली, ज्योतीला लावली, टोकाशी धरलेली ती इवलीशी आग बघितली. मग फुंकर मारून विझवली, काडी जागेवर खोचली आणि गोळा माझ्याकडे सरकवला.